बंदुकीमागची पिशवी

(शिराळ्याच्या पुढचं एक गाव. बनाबाईच्या घरातला पुढचा सोपा. दार सताड उघडं. तिनंच उघडं ठेवायला लावलेलं.)

बनाबाई : त्यो नव्हं भावजी, ह्यो. त्यो पाय खोटा हाय. त्याला किती बी आवळा, रगात यायचंच न्हाई त्यातनं.

गुंडा : चुकलं, वैनी. ध्यान न्हाई माझं.

शिवांजली : ध्यान नाही म्हणे. आई, मी सांगितलं होतं तुला, ह्यांना जमणार नाही. दुसरं कुणीतरी बघ.

बनाबाई : जमंल. तू नर्सिंगला गेलीस त्या साली दिवाळीच्या सुट्टीत माझ्या उशीला इंजेक्शनं देत बसलीवतीस. ती उशी अजून गळतीया. मी काय बोलले का?

गुंडा : वैनी, खरं सांगू? म्या शिकाया आलोच न्हाई. तुमचा निरोप आला, म्हटलं जावं आन् तोंडानं सांगून टाकावं. उद्या उसातली डुकरं उठवायच्या हाक्याला म्या जात न्हाई. बंदूक सोमवारी ठाण्यात जमा करतोय. कायमची.

बनाबाई : करा की. बंदुकीचं नाव कुनी काढलं?

गुंडा : मग मला हे शिकवताय कशापायी?

बनाबाई : बंदूक अमृत धरनार हाय. त्याचा परवाना हाय, वनखात्याची परवानगी बी तीन दिसांची मिळालीया. तुमी त्याच्या मागनं चालायचं. ही पिशवी घेऊन.

गुंडा : म्या?

बनाबाई : तुमी. कालच्या बैठकीत म्या सांगून आलेय. डबं वाजवाया आमच्या तण भांगलायच्या टोळीतल्या पाच बायका येनार. पन बंदुकीमागं पिशवी असंल तरच. आन् पिशवी ज्याच्या खांद्याला, त्यानं आधी भर दिवसा, दार उघडं ठेवून, बाईच्या मांडीला रगात थांबवायचा पट्टा आवळून दाखवला असंल तरच. न्हाईतर ओढ्याकडचा कोंडीबाचा ऊस डुकरांनी खुशाल खावा.

गुंडा : काय म्हनाली मानसं?

बनाबाई : हसली. सरपंच म्हनला, बनाताई, पट्टी कुटं बी बांधता येती. अमृत म्हनला, माझ्या आईनं बघितलं तर काय म्हनंल. एकानं इचारलं, मग पाय कुनाचा? म्या म्हटलं माझा. मग मातर कुनी हसलं न्हाई.

शिवांजली : मला हेच पटत नाही. एकच पाय राहिलाय तुझा, आणि तो तू ह्यांच्याच हातात देतेस. वर्षभर मी ह्यांच्याशी बोलले नाही, ते उगीच?

गुंडा : पोरगी बराबर बोलतीया, वैनी. गोळी माझी हुती.

बनाबाई : गोळी तुमची हुती, पन रांग म्या सोडली हुती. डबा वाजवत वाजवत पुढं गेले, ऊस हालला, तुमाला डुकार वाटलं. त्याचं मी कवाच मिटवलंय. जे मिटलं न्हाई ते दुसरंच हाय. शिवे, तू म्हनतीस ना ह्यांनी काय बी केलं न्हाई? ह्यांनी केलं. पट्टी हुती त्यांच्याजवळ. इचार, कुटं बांधली.

शिवांजली : मला माहितीय कुठं बांधली.

बनाबाई : त्यांच्या तोंडनं ऐक.

गुंडा : गुडघ्याच्या खाली.

बनाबाई : आन् छर्रे कुटं लागलेले?

गुंडा : मांडीत. लय वर.

बनाबाई : आन् पट्टी कशावरनं बांधली?

गुंडा : साडीवरनं. वैनी, काय करनार? तुमी माझ्या वैनी. दादा तिकडं बॉर्डरला. भवतीनं धा गडी उभं. म्या हात पुढं केला आन् समद्यांनी तोंडं फिरवली. जिथं हात लावला तर लाज वाटत न्हाई, तिथं बांधलं.

बनाबाई : व्हय. माझी अब्रू झाकली त्यांनी. रगात तेवढं उघडं ऱ्हायलं.

शिवांजली : वीस मिनिटं. टोळीतली मनुमावशी पळत आली, तिनं लुगडं फाडून पदरानं वर आवळलं, तोवर वीस मिनिटं गेली होती. आणि वर कुणीतरी मूठभर हळद भरली होती जखमेत. सांगलीला डॉक्टर म्हणाले, लवकर आवळलं असतं तर पाय वाचला असता.

बनाबाई : वाचला असता न्हाई म्हनले. कदाचित म्हनले. मी शुद्धीत हुते.

शिवांजली : तू कायम ह्यांचीच बाजू घेतेस.

बनाबाई : बाजू कसली? मी मानूस निवडतेय. ही पिशवी बघा भावजी. तुमच्या दादांच्या जुन्या किटबॅगची शिवलीय, एका पायानं मशीन चालवून. टीप जरा वाकडी गेलीया, तेवढं चालवून घ्या.

गुंडा : झ्याक झालीय की.

बनाबाई : आत काय हाय ते शिवी सांगंल. सांग गं. रागानं सांग, पन सांग.

शिवांजली : हातमोजे, दोन जोड. ही कात्री, टोक बोथट आहे, कातडीला लागत नाही. आधी कपडा कापायचा. साडी, पँट, जे असेल ते. जखम डोळ्यांनी दिसल्याशिवाय काही करायचं नाही. हा पट्टा. हात किंवा पाय असेल तर जखमेच्या वर चार बोटं, गुडघ्यावर नाही, कोपरावर नाही. ही दांडी पिळत जायची, रक्त थांबेपर्यंत. मग दांडी ह्या कडीत अडकवायची आणि ह्या पेननं वेळ लिहायची, पट्ट्यावरच. मग डॉक्टर सांगतील तेव्हाच सोडायचा.

गुंडा : आन् जांघंत, न्हाईतर खांद्याच्या खोबणीत लागलं तर? तिथं पट्टा कसा बसंल?

शिवांजली : नाही बसत. तिथं ही गॉजची गुंडाळी. जखमेत आत भरत जायची, पार तळापर्यंत, आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. काढून बघायचं नाही थांबलं का. हळद नाही, चहापूड नाही, छर्रे उकरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. अंगाची ऊब टिकायला ही चंदेरी चादर. आणि एकानं लगेच एकशे आठला फोन. खाली ओढ्याला रेंज नाही, तेव्हा फोनवाला माणूस बांधावर उभा ठेवायचा.

गुंडा : गाडी बी रस्त्याला तोंड करून लावाया पायजे. गेल्या साली फिरवण्यातच येळ गेला.

शिवांजली : हे... हे माझ्या यादीत नव्हतं.

बनाबाई : म्हनून म्या ह्यांना बोलावलं. तुझ्या यादीत सांगलीचं हाय. ह्यांच्या यादीत आमचं रान हाय.

गुंडा : पन मीच का, वैनी? रातीला झोप न्हाई.

बनाबाई : दुसरा कुनी बांधंल, त्याला वाटंल बास झालं. तुमाला बास झालं असं कवाच वाटायचं न्हाई. मला असाच मानूस पायजे. आन् दुसरं बी हाय, ते शिवीला ठाऊक न्हाई. मनुबाईनं पदर आवळल्यावर तिचा हात भरून आला, म्हनून गाठ तुमच्या हातात दिली. म्या वराडले. आयुष्यात वराडले न्हाई एवढी. आन् तुमी सैल केलंत.

गुंडा : तुमचं हाल बघवनात, वैनी.

बनाबाई : ठाऊक हाय. म्हनून आज त्याच्यासाठी बोलावलंय. बांधायचं तर कुनी बी शिकंल. वराडल्यावर न सोडायचं शिकायचंय. घ्या कात्री. हे जुनं लुगडं मुद्दाम नेसलेय, चोळीसकट बोहारनीला चालल्यालं. आतनं शिवीची तुमान घातलीया, घाबरू नका.

गुंडा : बाहेर मनुबाई बसलीया, वैनी. अन् चार बायका.

बनाबाई : म्याच बसवल्यात. उद्या ह्यांच्यातलीच एकादी असंल, तवा तिला आन् तुमाला दोघास्नी ठाऊक असावं. कापा.

शिवांजली : घोट्याकडून वर या. सरळ. थांबू नका. हां. आता पट्टा. वर. अजून वर.

गुंडा : इथं?

शिवांजली : अजून. लाज वाटते तिथपर्यंत आलात की दोन बोटं आणखी वर.

बनाबाई : हे मातर चांगलं सांगितलंस, बया.

शिवांजली : आधी पट्टाच घट्ट ओढा, मग दांडी. पिळा. एक वेढा... दुसरा. आई, दुखतंय?

बनाबाई : दुखतंय की. भावजी, बास आता.

गुंडा : तिसरा वेढा.

बनाबाई : भावजी, बास म्हनतेय ना. मुंग्या आल्या. आई गं! सोडा!

गुंडा : न्हाई.

बनाबाई : आवं सोडा की! एकच पाय हाय माझा!

गुंडा : न्हाई, वैनी. म्हनूनच. पोरी, अजून एक वेढा बसतोय का बघू?

शिवांजली : थांबा. पावलावरची नाडी बघते... नाही लागत. लागतच नाही. बसलाय. बरोबर बसलाय. वेळ लिहा.

गुंडा : अकरा धा.

बनाबाई : मनुबाई, बघितलंस गं? बसला. उद्या सात वाजता डबं घेऊन या, बाजूच्या रांगेत. रांग सोडायची न्हाई. मी बांधावर फोन घेऊन बसनार. आता काढा हे भावजी, वराडायचं माझं झालं. खरंच झालं.

गुंडा : डागदर सांगंल तवा.

बनाबाई : आवं, हितं कुटला डागदर आणू?

शिवांजली : मी सांगते. सोडा आता, काका.