छत्रीवाल्याचं उदाहरण

— नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इकडे बस. दार लोटून घे — नको, असू दे उघडं, बंद दार दिसलं की लोकांना डोकवावंसं वाटतं. आणि अशी घाबरून बघू नकोस गं आभा, हजेरीचं नाही काही. काल वर्गात ते फॉर्म भरून घेतले ना, मॅडम कसं शिकवतात त्याचे, त्याचं आहे. चार वाजता शिपाई सुभाषभाई त्या फॉर्मांचं पाकीट न्यायला येतील, विभागप्रमुखांकडे, उदयसिंहराव सरांकडे. आता झालेत साडेतीन. अर्धा तास पुष्कळ झाला. नाही का? झाला.

तुला गंमत सांगते, हे फॉर्म आपल्या विभागात आणले मीच. उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा कोर्स केला, कॉलेजातलं शिकवणं सुधारायचा, आणि तिथून अशी काही पेटून आले की सरांच्या केबिनमध्ये जाऊन चक्क भाषण ठोकलं — मुलांना विचारा, त्यांच्याइतकं आपलं शिकवणं कुणी ऐकत नाही. सर म्हणाले, मुग्धा, मग सुरुवात तुझ्याच वर्गापासून कर. नियमसुद्धा माझेच. शिक्षकाने वर्गाबाहेर थांबायचं, कुणी नाव घालायचं नाही, वर्गप्रतिनिधीने मोजून पाकीट चिकटवायचं, वर आकडा घालायचा, सही करायची. आणि शेरा हव्या त्या भाषेत लिहा, हेही मीच फळ्यावर लिहिलं. काल सर मीटिंगला गेलेले, म्हणून तुमच्या प्रतिनिधीने, वरदने, पाकीट माझ्याकडे ठेवलं. मी म्हटलं ठेव, चालेल. त्याचा डिंक काही नीट लागला नव्हता, ते आपोआपच — तसंच उघडलं.

तर हा एक. मराठीत आहे. घे, वाच. नको, मीच वाचते. ‘मॅडम चांगलं शिकवतात, आवाज स्पष्ट आहे. पण त्यांचं सगळं लेक्चर माझ्या आईच्या १९७१ सालच्या वहीत आहे. लहरीपुऱ्यातला छत्रीवालासुद्धा.’ एवढंच. खाली काही नाही. राग नाही, टोमणा नाही. रागाने लिहिलं असतंस तर बरं झालं असतं गं. अक्षरही किती सुबक आहे तुझं.

ऐक, मी रागावलेली नाहीये. खरंच नाही. अगदी पहिल्या दिवशी तू सांगितलं होतंस ना, आई इथेच शिकली म्हणून? मी तेव्हा हसले होते, आणि त्या रात्री मला झोप नव्हती. कारण माझ्याआधी इथे अर्थशास्त्र शिकवणाऱ्या दत्ताजीराव सरांची वही आहे माझ्याकडे. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतः दिली — म्हणाले, सांभाळ. सांभाळ म्हणाले, वापर म्हणाले नाहीत, ते मला कळतं. पण पहिल्या वर्षी मी वर्गात उभी राहिले की मागच्या बाकावर कुणी पुस्तक आपटलं तरी मी वाक्य विसरायची, आणि त्या वहीत सगळं होतं. कुठे थांबायचं ते, फळ्यावर रेघ कुठून काढायची ते, मुलं कुठे हसतील तेही लाल शाईने. पाऊस लागला की छत्रीवाला भाव वाढवतो, तरी लोक छत्री घेतात — सर सांगायचे, ‘परवाच गेलो होतो त्याच्याकडे.’ तर मीही सांगायला लागले, परवाच गेले होते त्याच्याकडे. तीन वर्षं सांगतेय. सगळ्या देशाची गणितं बदलली, परवाने गेले, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि मी आपली परवाच छत्रीवाल्याकडे. काल फॉर्म वाचल्यावर लहरीपुऱ्यात गेले, म्हटलं निदान एकदा बघून तरी येऊ. ते दुकानच नाही गं. तिथे एसटीडी बूथ आहे. बूथवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, बेन, मी लहान होतो तेव्हापासून इथे कुणी छत्र्या विकल्या नाहीत.

— कोण? कोण आहे? — कुणी नाही. वारा असेल.

गुरुवारी माझी मुलाखत आहे. तीन वर्षं हंगामी काढली, आता ही एक जागा कायमची निघालीय. समितीवर उदयसिंहराव सर आहेत, आणि ते दत्ताजीरावांचेच विद्यार्थी. छत्रीवाला वाचला की त्यांना पुढचं वाचायला नको. फॉर्म फाडून टाकला असता, पण पाकिटावर वरदने त्रेचाळीस लिहिलंय, आणि माझं अक्षर सरांना पाठ आहे. म्हणून म्हटलं, तूच. हा कोरा घे. वाईट लिही हवं तर — वेग जास्त आहे, फळा नीट पुसत नाहीत, काहीही लिही. फक्त वही नको. मी पाकीट पुन्हा चिकटवीन, कळणारसुद्धा नाही, किटलीच्या वाफेवर इतकं अलगद सुटलं ते की —

हो. वाफ धरली मी. बघितलंस, आता तेही सांगून बसले.

काय? नीट बोल. होमसायन्सला? आई होमसायन्सला होती? मग इथेच म्हणजे — बडोद्यात. अर्थशास्त्र नाही. आणि तू शेऱ्यात काहीच लिहिलं नाहीस, ती जागा कोरीच सोडलीस. पण मराठी आहे ना ते! मराठी तुम्ही दोघंच वर्गात, आणि वरद तर सगळं इंग्रजीत — हं. हं. बडोद्यात मराठी कुणाला येत नाही? कुणाची आई मराठी, कुणाचं बालपण मराठी शेजारात गेलेलं. मागच्या बाकावरची ती पटेलची मुलगी माझ्याशी मराठीतच बोलते. आणि मी तुला बोलावलं. सगळ्यांतून तुला, जिला काही ठाऊकच नव्हतं.

पेन का उचललंस? नको. भरून देतेस? माझ्यासाठी? ठेव ते. आभा, ठेव म्हणते ना. तुला माझी दया यायला लागली तर मला उद्या तुझ्याकडेही बघता येणार नाही. पहिलाच तास माझा आहे. त्रेचाळीस जण बसलेले असतील, त्यातला कुणीतरी वही उघडून ताडून बघत असेल, आणि तो कोण ते मला कधीच कळणार नाही. नियम माझेच ना. कळूच नये म्हणून केलेले.

तो मराठी फॉर्म दे इकडे. नको, गठ्ठ्यात खाली नको, सगळ्यात वरच असू दे. डिंक कुठे गेला — हा.

हो, या सुभाषभाई. तयार आहे. त्रेचाळीस आहेत. आणि सरांना सांगा, पाकीट मी उघडलं होतं. हो, असंच सांगा, मुग्धा मॅडमनी उघडलं होतं.

तू अजून बसलीयस? जा. दार लावून घे.