मधाची वाकडी रेघ

आजोबा : रडून झालं असेल, तर आता असं समज, की हे बाटलीचं झाकण म्हणजे सूर्य.

खारू : नाही झालं रडून! आई तासाभरात यानाच्या बाहेर पडणार, त्या अँटेनाचा स्क्रू आवळायला. आणि नेमका आत्ताच सूर्यावर स्फोट! स्क्रीनवर बघा, बरोब्बर मध्ये, आपल्या नाकासमोर. तिथले कण सुसाट येतील आणि आईच्या अंगातून आरपार जातील.

आजोबा : तीस वर्षं सूर्यावर पाळत ठेवली, त्याचीच पेन्शन खातोय मी. माझं ऐकशील? फिरत्या स्टुलावर कागद ठेवलाय. मी स्टूल फिरवतो, तू झाकणापासून मधाचा चमचा बाहेर ओढ. सरळ हं!

खारू : ओढला. ई, वाकडी आली रेघ! तुमच्यामुळे.

आजोबा : स्टुलामुळे. सूर्यही असाच फिरतो, आणि फिरता फिरता चहूकडे वारा सोडतो. त्या वाऱ्याबरोबर त्याच्या चुंबकी रेषा बाहेर ओढल्या जातात, अशाच वाकड्या. आता टोकाला बटण ठेव. ही आई.

खारू : आईचं बटण लाल हवं.

आजोबा : घे लाल. आता मुंगी सोड.

खारू : मुंग्यांना काय तोटा आपल्याकडे! ही बघा... अय्या, सरळ जातच नाही. मधावरून वळतेय.

आजोबा : कणांचंही तसंच. तारेत ओवलेल्या मण्यांसारखे रेघ धरून पळतात. मधल्या स्फोटाची रेघ जाते भलतीकडेच. त्याचा मोठा ढग येईल आपल्याकडे, पण दोन दिवसांनी. तोवर आई कधीच आत.

खारू : थांबा हं. मी बटणापासून उलटं बोट फिरवते. आईकडून बघितलं, तर ही रेघ झाकणाच्या उजव्या कडेला पोचते.

आजोबा : शाब्बास!

खारू : शाब्बास काय! स्क्रीनवर उजव्या कडेला पण डाग आहे. बारका.

आजोबा : कुठे? चष्मा दे माझा... अरेच्चा. फोन लाव.

खारू : आई! बाहेर जाऊ नकोस! उजव्या कडेचा डाग...

आई : (फोनवर) तुला गं कुणी सांगितलं? आत्ताच आम्हाला खालून निरोप आला. तो डाग चुळबुळ करतोय म्हणे, कधीही फुटेल, उद्यापर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. हेल्मेट काढून बसलेय मी.

खारू : मला मुंगीनं सांगितलं.

आई : बाबा, पुन्हा मध सांडलात ना?

आजोबा : पोरीनं सांडला. मी नुसतं स्टूल फिरवलं.

आई : दोघं मिळून पुसा. ठेवते.

आजोबा : ऐकलंस ना? आता हस बघू. अगं, लगेच कुठं पुसायला लागलीस? राहू दे की रेघ, छान आलीय.

खारू : सगळी नाही पुसत. बटणाच्या अलीकडची बोटभरच. मुंगी अगदी जवळ आली होती.