चरख्याचा रुपया

भिजवलेली चिंच. राजाचा गाल. नातीचे पैंजण.

कर्जतच्या सोनाराकडे थांबलेली तेजश्री शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बहीणभावाचं बोलणं ऐकत होती.

“ठकू, बाबाचा रुपया मोडीत घालतीस?”

“नात दर्शनाच्या पैंजणाला चांदी कमी पडते, दादा.”

“बेचाळीसच्या चळवळीतल्या पोरांनी इंग्रज राजाच्या गालावर चरखा ठोकलाय त्यात. हा खर्चायचा नाय, दाखवायचा. दाखवला की डोंगरातल्या वाडीवर भूमिगतांना भाकरी मिळायची.”

“आता दिसतो का चरखा?”

“दर दिवाळीला चिंचेनं घासलंस तूच!”

“मग पूजेत काळा ठेवू?”

“डोळे मीट. बोट फिरव.”

“...लागतो रं दादा. राजा गेला, चरखा लागतो.”

“मग?”

“सोनारदादा, ऱ्हाऊ द्या. पैंजण बारीक करा.”

बेचाळीसला पोलिसांच्या झडतीत तो रुपया तान्ह्या ठकूबाईच्या दुपट्यात लपवलेला होता.