पाहुण्यांच्या खोलीचा रंग

कारेलीबागेतल्या रंगाच्या दुकानात नुकतंच रंग मिसळून देणारं नवं मशीन आलं होतं आणि त्यापुढे रांग लागली होती. नीराच्या पुढे साठीतलं एक मराठी जोडपं उभं होतं. त्यांचं बोलणं तिला ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही झाकण नसतं.

“शैला, आपल्या जुन्या फ्लॅटला चुनाच शोभतो. छत केवढं उंच आहे!”

“चुन्यानं दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं. हॉलला ओल्या मातीचा रंग देऊ, आपल्या खोलीला शेवग्याच्या पाल्याचा. मन शांत राहतं, झोप लागते.”

“आणि पाहुण्यांच्या खोलीला?”

“शेंदरी.”

“शेंदरी? अगं, तिथे ताई उतरते!”

“म्हणूनच. मागे चार दिवसांसाठी आल्या आणि आंबे संपेपर्यंत राहिल्या. शांत रंगात माणूस रमतो हो.”

नीरानं हसू दाबायला ओढणी तोंडाशी नेली.

“ती माझी सख्खी बहीण आहे!”

“मग येऊ देत की. फक्त रमू नये.”

“आणि तुझा भाऊ? विश्वासही त्याच खोलीत झोपतो.”

शैलाबाईंनी हातातलं रंगांचं कार्ड उलटून पाहिलं.

“तो बिचारा गरबा बघायला येतो आणि दिवाळी करून जातो, एवढंच. पण काय हो, पिस्ता रंगही तिथे वाईट दिसणार नाही.”

तोवर त्यांचा नंबर लागला होता. नवरा खुशीत काउंटरवर झुकून गुजरातीत म्हणाला,

“भाई, शेंदरी आपो. अने जरा भडक राखजो!”