शेषरावभाऊंची आमगाव पॅसेंजर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भैय्याजी, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, आमचे सत्कारमूर्ती शेषरावभाऊ, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मथुरावहिनी, आणि भिलाईच्या आपल्या मराठी मंडळाच्या बंधू-भगिनींनो,

निवृत्त होणाऱ्या भाऊंच्या नोकरीबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं. रेल मिलमधलं मला काही कळत नाही. मी रत्नमाला, त्यांच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहते, म्हणून माझ्या डोक्यावर धावणाऱ्या रेल्वेबद्दल बोलते. दिवसभर पोलादाच्या प्लँटमध्ये रूळ करून ज्याचं मन भरत नाही, घरी येऊनही जो रूळच मांडतो, अशा माणसाला काय म्हणावं?

प्लँटच्या कामासाठी आलेले एक रशियन साहेब मायदेशी परतताना भाऊंना एक छोटं इंजिन आणि दोन डबे देऊन गेले. त्याला खेळणं म्हटलं की भाऊ रागावतात, मॉडेल म्हणायचं. पुढे कलकत्त्याहून, दिल्लीहून एकेक डबा येत गेला. हिरवे डबे भाऊंनी आपल्या पॅसेंजरसारखे तांबडे रंगवले. समोरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळी बसली. पाहुण्यांनी बसायचं कुठे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

वहिनी तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. माहेर आमगावचं, भरल्या घरातलं. इथे चहूकडे हिंदी, प्लँटचा भोंगा, आणि नवरा शिफ्टमध्ये. माझ्याकडे येऊन रडायच्या. भाऊंना गोड बोलून समजूत घालणं जमत नाही, हे आपण जाणताच. त्यांनी फळीच्या एका टोकाला भिलाई मांडली, मधे वाटेतला दरेकसाचा बोगदा केला आणि दुसऱ्या टोकाला आमगाव वसवलं. तलाव कुठे, चिंच कुठे, सगळं वहिनींना विचारून.

पण झालं भलतंच. संध्याकाळी गाडी आमगावला पोचली की वहिनी रुळावर हात ठेवायच्या. "राहू द्या तिथंच. परत कावून आणता?" भाऊ बटण बंद करायचे. वर्षभर ती गाडी एकाच दिशेने धावली. सकाळी भाऊ तिला हाताने उचलून भिलाईला आणून ठेवायचे आणि ड्यूटीवर जायचे. ही बाई इथे रमणार की नाही, या काळजीने माणूस वाळला होता.

एका दुपारी भाऊ ड्यूटीवर असताना वर गाडीचा आवाज आला. चोर शिरला समजून मी लाटणं घेऊन वर गेले. बघते तर वहिनी एकट्याच, बटण फिरवून राहिल्या होत्या, आणि गाडी बोगद्यातून भिलाईकडे येत होती. म्हणाल्या, "यायची वेळ झाली ना त्यांची." मी लाटणं पदराखाली लपवलं. त्या संध्याकाळी भाऊंनी गाडी भिलाईला उभी पाहिली आणि आमच्याकडे पेढे देऊन गेले. कशाचे, ते सांगितलं नाही.

आता दोघं कायमचे आमगावला निघाले आहेत. नव्या घरातल्या खोलीत पूर्ण फळी मावत नाही, म्हणून काल ती बोगद्यापाशी कापली. न्यायचं ते वहिनींचं माहेर, हे भाऊंनी गृहीतच धरलं होतं. त्यांनी ती बाजू गोधडीत गुंडाळलीसुद्धा. वहिनींनी ती गोधडी उलगडली.

"आमगाव त तिथं दाराशीच हाये. मले भिलाई लागते."

भाऊ तोंड फिरवून सुतळी शोधायला लागले. सुतळी त्यांच्या हातातच होती.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं, त्यांची मी ऋणी आहे. घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या, कुठे शब्द जास्तीचा गेला असेल, तर शेजारीण समजून पोटात घाला.

आणि वहिनी, ते उरलेलं आमगाव माझ्याकडे ठेवून घेतलंय. म्हणजे तुमचं माहेर आता भिलाईत, माझ्या घरी आहे. माहेरपणाला येत जा.