ट्रकवाल्यानं घोडीवर मले ओवाळलं

माणूस लई सभ्य असला तरी कधी कधी पंचाईत करते, हे मले परवा समजलं. लग्नाच्या वरातीले घोडी देणं हा आपला धंदा. सकाळी तिच्यावर बसून मी कामठीहून नागपूरले येऊन राहिलो होतो. मागून एक ट्रक आला, त्यात जोरात गाणं वाजून राहिलं होतं. घोडी त्या तालावर मस्त ठुमकत चालली. ड्रायव्हरनं आम्हाले पाहून ट्रक हळू केला अन् गाणं बंद केलं.

घोडी रस्त्याच्या मधातच थांबली. मी लगाम ढिला सोडला, टाच मारली, पण ती हलेना. मागं गाड्यांची रांग लागली.

ड्रायव्हर खाली उतरला. म्हणे, "काका, जनावर बिचकू नये म्हणून मी गाणं बंद केलं."

"बिचकत नाही बावा ती. बाजा थांबला म्हणजे मांडव आला, असं समजते. आता पाठीवर बसलेल्याले ओवाळल्याशिवाय पाय उचलत नाही."

त्यानं केबिनमधली अगरबत्ती आणून मले ओवाळलं. घोडी निघाली.

रांगेतल्या कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला असन. नागपूर यायच्या आधीच बायकोचा फोन आला, "साठी झाली तुमची. आता कोणासंग लगन करून राहिले जी?"