मैल न वाढवता केलेली गाडीची पूजा

माझ्या मते वाहन म्हणजे वहन करणारी वस्तू. श्रीकांतभाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, ही व्याख्या मोडीत काढली. संग्रहासाठी घेतलेली साठच्या दशकातली दणकट इंजिनाची अमेरिकन मसल कार त्यांनी रिकव्हरी ट्रकवरून इथे आखातात, अल मजाजमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरवली. पहिल्या फेरीच्या आशेनं त्यांची बायको, माझी जाऊ मेधा, पैठणी नेसून, पूजेचं ताट घेऊन खाली आली. तिनं चाकापुढे लिंबू ठेवलं.

"घ्या पुढे," ती भाऊजींना म्हणाली.

"मैल वाढतील. किंमत उतरेल."

"मग ढकला."

"ढकलली तरी मीटरचा आकडा फिरतो. विचार वहिनींना."

"तत्त्वतः बरोबर आहे," मी म्हटलं. "पण भाऊजी, मग हिला वाहन का म्हणायचं?"

भाऊजींनी जॅकनं चाक उचललं, लिंबू खाली सरकवलं आणि चाक त्यावर सोडलं. लिंबू फुटलं; गाडी जागची हलली नाही.

"खलास. चला, पार्टी माझ्याकडून. टॅक्सी बोलावली आहे."

टॅक्सी आल्यावर मेधानं ताटातलं कुंकू थेट टॅक्सीच्या बॉनेटला लावलं.

ड्रायव्हर गोंधळला. "मॅडम, ये कंपनी की गाडी है."

"चलती है ना, भैया?" मेधा म्हणाली. "बस."